नव्या रीफ टाकीसाठी प्रकाशयोजना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे पहिलीच रीफ टाकी (जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) उभारणाऱ्यांसाठी आहेत, म्हणजे ज्यांच्या टाकीत खारे पाणी, खडक आणि पंप आले आहेत, पण दिवा अजून घ्यायचा आहे त्यांच्यासाठी. ज्यांनी दिवा आधीच घेतला आहे त्यांनी थेट उंची, तास आणि तीव्रता यांविषयीच्या प्रश्नांकडे वळायला हरकत नाही.

दिवा निवडताना सर्वांत आधी काय ठरवावे?

टाकीत कोणते प्रवाळ ठेवायचे आहेत, हे आधी ठरवावे. बहुतेक जण उलट क्रमाने जातात. आधी डोळ्यांत भरणारा दिवा घेतात आणि मग त्याच्याखाली काय तगेल याचा शोध घेतात. प्रकाशाच्या दृष्टीने प्रवाळांचे तीन ढोबळ गट पडतात. मश्रूम, झोअँथिड, लेदर यांसारखे कठीण सांगाडा नसलेले सॉफ्ट कोरल हा पहिला गट. युफिलियासारखे मोठ्या, मांसल पॉलिपांचे (पॉलिप म्हणजे प्रवाळ-वसाहतीतला एकेक तोंड असलेला जीव) कठीण प्रवाळ, म्हणजे एलपीएस, हा दुसरा. आणि अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा, स्टायलोफोरा यांसारखे बारीक पॉलिपांचे कठीण प्रवाळ, म्हणजे एसपीएस, हा तिसरा. पहिल्या दोन गटांवर समाधान मानणाऱ्याला मध्यम क्षमतेचा दिवा पुरतो. अ‍ॅक्रोपोरा ठेवायचाच असेल, तर मात्र दिव्यासाठी लागणारी रक्कम सुरुवातीपासूनच वेगळी धरावी.

दुसरी गोष्ट म्हणजे टाकीची मापे. लांबी आणि रुंदी यांवरून किती दिवे लागतील ते ठरते, आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून वाळूपर्यंतच्या खोलीवरून त्यांत किती ताकद हवी ते ठरते. टाकी किती लिटरची आहे या आकड्याचा प्रकाशाशी फारसा संबंध नाही.

प्रवाळ हा प्राणी असेल, तर त्याला प्रकाश कशाला हवा?

प्रवाळाच्या ऊतींत झूझँथेली नावाचे सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषण करते आणि त्यातून तयार होणाऱ्या साखरेचा व इतर पदार्थांचा मोठा वाटा यजमान प्रवाळाला मिळतो. उथळ, स्वच्छ पाण्यातील अनेक जातींची बहुतांश ऊर्जेची गरज यातूनच भागते. त्यामुळे टाकीतला दिवा मुख्यतः प्रवाळाच्या अन्नाची सोय करतो आणि शोभेचा विचार त्यानंतर येतो. सन कोरल म्हणून ओळखला जाणारा ट्युबॅस्ट्रिया याला अपवाद आहे. त्याच्यात असे शैवाल नसल्याने त्याला प्रकाश लागत नाही, पण त्याच्या प्रत्येक पॉलिपला नियमित भरवावे लागते. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

टाकीत फक्त मासेच ठेवायचे असतील तर?

तर आपल्याला मासे नीट दिसतील असा कोणताही साधा दिवा चालतो. पुढचे सर्व काही प्रवाळ ठेवणाऱ्यांसाठी आहे.

पीएआर म्हणजे काय? वॅट किंवा लुमेन पाहून दिवा का घेऊ नये?

४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश प्रकाशसंश्लेषणासाठी उपयोगी पडतो. त्या पट्ट्यातले किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर एका सेकंदात पडतात, ते मायक्रोमोलमध्ये सांगणारा आकडा म्हणजे व्यवहारात ज्याला पीएआर म्हणतात ते मोजमाप. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २००० च्या आसपास असतो आणि खोलीबरोबर तो झपाट्याने उतरतो.

वॅट हा आकडा दिवा किती वीज खातो एवढेच सांगतो. नळीच्या दिव्यांच्या काळात पाण्याच्या प्रमाणात वॅट मोजण्याचा ठोकताळा होता. एलईडीच्या बाबतीत तो निरर्थक ठरला आहे. लुमेन आणि लक्स ही मापे माणसाच्या डोळ्याच्या संवेदनशीलतेवर बेतलेली आहेत आणि ती संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या, म्हणजे हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक असते. रीफचा दिवा मात्र मुख्यतः निळा असतो. परिणामी डोळ्यांना मंद भासणारा निळा दिवा प्रवाळाला भाजून काढू शकतो आणि लख्ख पांढरा वाटणारा घरगुती दिवा त्याला उपाशी ठेवू शकतो. मोबाइलमधल्या प्रकाशमापक अ‍ॅपवर याच कारणाने विसंबू नये.

कोणत्या प्रवाळाला किती पीएआर लागतो?

छंदात सर्वसाधारणपणे मान्य असलेले अंदाज असे आहेत. मश्रूमला ५० ते १००, झोअँथिड आणि लेदरला ७५ ते १५०, बहुतेक एलपीएस प्रवाळांना ५० ते १५०, मॉन्टिपोरा आणि स्टायलोफोरा यांना १५० ते २५०, तर अ‍ॅक्रोपोराला २५० ते ३५०. ट्रायडॅक्ना मॅक्सिमा आणि ट्रायडॅक्ना क्रोसिया हे रंगीत शिंपलेही शेवटच्या गटातच मोडतात.

हे आकडे दिव्याच्या खोक्यावर छापलेले नसून प्रवाळ जिथे बसणार आहे त्या जागचे आहेत, हे विसरू नये. उत्पादक अनेकदा दिव्याच्या बरोबर मध्याखालचा, सर्वांत मोठा आकडा छापतो. शिवाय प्रत्येक प्रवाळ आधी कोणत्या प्रकाशात वाढला आहे यावरही बरेच अवलंबून असते. एकाच जातीचे दोन तुकडे, एक सावलीत वाढलेला आणि एक तीव्र प्रकाशात वाढलेला, पहिल्या महिन्यात अगदी वेगळे वागतात.

पीएआर मीटर विकत घेणे आवश्यक आहे का?

विकत घेणे आवश्यक नाही. एकदा वापरायला मिळाला तरी पुरे. मीटर महाग असतो आणि वर्षातून एक-दोनदाच लागतो, म्हणून तो दुसऱ्या हौशी व्यक्तीकडून किंवा दुकानातून दोन दिवसांसाठी मागून आणणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. आणताना तो पाण्याखाली वापरता येतो का आणि एलईडीचा निळा प्रकाश पूर्ण मोजतो का, हे विचारावे, कारण काही जुने संवेदक निळ्या टोकाला कमी आकडा दाखवतात. मोजणी पंप चालू ठेवून करावी. वाळूवर चार कोपरे आणि मध्य, खडकाच्या अर्ध्या उंचीवर तीन-चार जागा आणि खडकाचा माथा एवढ्या ठिकाणचे आकडे कागदावर टाकीचा आराखडा काढून नोंदवले, की पुढे प्रत्येक नव्या तुकड्याची जागा त्या कागदावरूनच ठरवता येते.

मीटर मिळतच नसेल, तर त्याच मापाच्या टाकीवर तोच दिवा वापरणाऱ्याने केलेली मोजणी शोधावी, दिव्याची उंची आणि तीव्रतेची टक्केवारी तीच धरावी आणि त्यापेक्षा थोड्या कमी तीव्रतेने सुरुवात करावी.

रीफचे दिवे इतके निळे का असतात?

पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते आणि निळा सर्वांत खोलवर जाऊ देते. प्रवाळ आणि त्यांच्यातले शैवाल याच निळ्या जगात घडले आहे. झूझँथेलीतील क्लोरोफिल निळ्या-जांभळ्या पट्ट्यात, ४३० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपास, भरपूर प्रकाश शोषते आणि पेरिडिनिन नावाचे रंगद्रव्य त्यापुढचा निळा-हिरवा भाग वापरते. म्हणून चांगल्या दिव्यात ४०० ते ४७० नॅनोमीटरचा भाग भरगच्च असावा, त्याला पांढऱ्याची जोड असावी, आणि तांबडा व हिरवा अगदी बेताचा असावा. तांबड्याची पट्टी वर चढवली की मासे उठावदार दिसतात खरे, पण शेवाळालाही ते मानवते.

निळ्याचे दुसरे कारण निव्वळ सौंदर्याचे आहे. अनेक प्रवाळांत निळा प्रकाश शोषून हिरवा, नारिंगी किंवा तांबडा प्रकाश बाहेर टाकणारी प्रथिने असतात, त्यामुळे निळ्या दिव्याखाली ते स्वतःच उजळल्यासारखे दिसतात. जाता जाता सांगायचे तर, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत पेशी रंगवून पाहण्यासाठी वापरले जाणारे एक प्रसिद्ध तांबडे प्रथिन डिस्कोसोमा या मश्रूम गटातल्या प्राण्यातूनच मिळाले आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र संपूर्ण दिवसभर फक्त गडद निळा दिवा ठेवणे मला पटत नाही. माशांचे खरे रंग, प्रवाळावरचे डाग आणि वाळूवर पसरू लागलेला तपकिरी थर त्या प्रकाशात दिसतच नाहीत, आणि नव्या टाकीत नेमके तेच रोज पाहायचे असते.

१०,००० केल्विन की २०,००० केल्विन?

हा आकडा प्रकाश डोळ्यांना किती निळसर दिसतो ते सांगतो. ६,५०० म्हणजे साधारण दिवसाचा पांढरा उजेड, १४,००० म्हणजे निळसर पांढरा आणि २०,००० म्हणजे ठळक निळा. नळ्या आणि मेटल हॅलाइड (जुन्या पद्धतीचे प्रखर, तापणारे बल्ब) निवडताना तो उपयोगी पडतो. एलईडीत प्रत्येक रंग स्वतंत्रपणे कमीजास्त करता येत असल्याने त्याला फार महत्त्व देऊ नये.

एलईडी, टी-फाइव्ह आणि मेटल हॅलाइड यांपैकी काय घ्यावे?

आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने एलईडी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विजेची बचत, तीव्रता टक्क्यांनी कमीजास्त करण्याची सोय, पहाट आणि संध्याकाळ हळूहळू घडवून आणण्याची सोय आणि वर्षानुवर्षे बल्ब बदलावा न लागणे, ही कारणे पुरेशी आहेत. कार्यक्षम निळ्या एलईडीचा शोध लावणाऱ्या अकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. रीफच्या छंदाइतका त्या शोधाचा थेट लाभ फार थोड्या छंदांना झाला असेल.

टी-फाइव्ह, म्हणजे बारीक फ्लुरोसंट नळ्या, यांचे मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे. लांब नळीतून प्रकाश सर्व बाजूंनी सारखा पडतो, त्यामुळे फांद्यांच्या पोटाखालीही सावली गडद होत नाही. चार फुटी नळी ५४ वॅटची, तीन फुटी ३९ वॅटची आणि दोन फुटी २४ वॅटची असते, आणि नळ्या जळत असल्या तरी दर ९ ते १२ महिन्यांनी बदलाव्या लागतात, कारण तोवर त्यांची तीव्रता उतरलेली आणि वर्णपट सरकलेला असतो. काही जण मध्ये एलईडी आणि कडेला दोन नळ्या अशी जोड वापरतात आणि एसपीएसच्या टाकीत ती खरोखर सुरेख चालते. अडचण एकच, ती म्हणजे हव्या त्या नळ्या दरवर्षी मिळतील याची खात्री आधी करून घ्यावी लागते.

मेटल हॅलाइडखाली वाढलेल्या अ‍ॅक्रोपोराची प्रशंसा जुने लोक अजून करतात आणि ती खोटी नाही. पण १५० ते ४०० वॅटच्या बल्बची उष्णता टाकीत उतरते, पाणी थंड ठेवण्याचे यंत्र घ्यावे लागते आणि विजेचे बिल दोन्हीकडून वाढते.

किती दिवे लावावेत आणि किती उंचीवर?

या प्रश्नाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि टाकीतल्या निम्म्या तक्रारी येथूनच निघतात. एलईडीचा दिवा लहान जागेतून पुष्कळ प्रकाश टाकतो. त्यामुळे त्याच्या मध्याखाली प्रकाशाचा झोत पडतो आणि हातभर बाजूला प्रकाश निम्म्याहून खाली येऊ शकतो. तीन-चार फूट लांबीच्या टाकीवर एकच शक्तिशाली दिवा टांगला, की मधला खडक करपतो आणि दोन्ही टोके अंधारी राहतात. मग टोकांसाठी तीव्रता वाढवली जाते आणि मधला भाग आणखी करपतो.

म्हणून एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन मध्यम दिवे, कमी टक्केवारीवर चालवलेले, केव्हाही चांगले. साधारण ६० सेंटिमीटर लांबीला एक दिवा हे प्रमाण बहुतेक टाक्यांना पुरते. टाकी समोरून मागे ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त रुंद असेल, तर दिव्यांची संख्या वाढवावी. पाण्यापासून २० ते ३० सेंटिमीटर उंची ही सुरुवातीची योग्य जागा. दिवा वर नेला की मधली तीव्रता घटते, पण प्रकाश जास्त समान पसरतो, आणि नव्या टाकीसाठी हा सौदा फायद्याचा असतो.

पसरण कमी आहे हे प्रवाळच दाखवून देतो. वरून एकाच दिशेने झोत पडणारी मॉन्टिपोराची थाळी हातात घेऊन उलटी केली, तर वरची बाजू भरदार रंगाची आणि खालची बाजू पांढुरकी, पॉलिप नसलेली आढळते. फांद्यांच्या अ‍ॅक्रोपोरातही बुंध्याजवळच्या आतल्या फांद्या आधी फिकट होतात आणि मग त्यांवर शेवाळ बसते. अशा वेळी तीव्रता वाढवून काही साधत नाही, दुसऱ्या बाजूने प्रकाश द्यावा लागतो.

टाकीत पाणी भरल्याबरोबर दिवा सुरू करावा का?

कोरडा खडक वापरला असेल, तर नको. पहिल्या काही आठवड्यांत अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू वस्तीला येतात आणि त्यांना प्रकाशाची गरज नसते. त्या काळात दिवा लावल्याने फक्त शेवाळाला मोकळे रान मिळते. समुद्रातून आलेला जिवंत खडक असेल, तर त्यावरच्या जांभळट कोरलाइन शैवालासाठी दिवसाला चार-सहा तास मंद प्रकाश द्यायला हरकत नाही.

जिवाणू वस्तीला येण्याची ही प्रक्रिया, म्हणजे सायकल, पूर्ण झाल्यावरही पूर्ण ताकद लावू नये. नव्या टाकीत आधी डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर, मग हिरवे केसाळ शेवाळ, कधी सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषी जिवाणूंचा तांबूस थर असे टप्पे येतात. ते टळत नाहीत, पण प्रकाश जितका जास्त तितके ते लांबतात. सर्वांत त्रासदायक असतात डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्म एकपेशीय जीव. त्यांचा तपकिरी, नाकातल्या शेंबडासारखा तार धरणारा थर वाळूवर आणि खडकावर चढतो, त्याच्या टोकांना प्राणवायूचे बुडबुडे अडकलेले दिसतात, आणि दिवे मालवून सकाळी पाहावे तर वाळू जवळजवळ स्वच्छ असते. दुपारपर्यंत थर पुन्हा जसाच्या तसा. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेलेल्या, पण प्रकाश भरपूर असलेल्या टाकीत हे विशेष आढळते. तेव्हा दिवा कमी ठेवणे आणि पोषकद्रव्ये पूर्ण संपू न देणे, या दोन्ही गोष्टी बरोबरीने सांभाळाव्या लागतात.

दिवसातून किती तास दिवा चालू ठेवावा?

एकूण आठ ते दहा तास, त्यांपैकी पाच-सहा तास ठरवलेल्या कमाल तीव्रतेवर आणि उरलेला वेळ हळूहळू चढण्या-उतरण्यासाठी. दिवे एकदम पेटले की मासे दचकतात आणि झाकण नसलेल्या टाकीतून उडीही मारतात. वेळ घड्याळावर सोपवावी. माणसाच्या सवडीने लागणारा दिवा प्रवाळाला मानवत नाही.

तास आणि तीव्रता यांचा विचार एकत्र करावा. १५० पीएआर आठ तास आणि १०० पीएआर बारा तास यांची दिवसभराची बेरीज सारखीच, चौरस मीटरला सुमारे ४.३ मोल, होते. दिवा दुबळा असेल तर तास थोडे वाढवून काही प्रमाणात भरपाई करता येते. दिवा प्रखर असेल, तर तास कमी करून मात्र सुटका होत नाही, कारण कमाल तीव्रतेच्या काळात व्हायची ती इजा होऊनच जाते.

नवा प्रवाळ आणल्यावर दिव्याचे काय करावे?

त्याला आधी वाळूवर किंवा सावलीच्या कडेला ठेवावे आणि दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने ठरलेल्या जागी न्यावे. अनेक दिव्यांत नव्या प्रवाळासाठी तीव्रता निम्म्यावर आणून काही आठवड्यांत आपोआप वर नेण्याची सोय असते, पण ती वापरताना टाकीतल्या जुन्या प्रवाळांनाही तेवढाच कमी प्रकाश मिळतो, हे ध्यानात ठेवावे. तीव्रता वाढवायची ती आठवड्याला पाच टक्क्यांहून अधिक नको.

प्रकाश जास्त होतो आहे की कमी, हे कसे ओळखावे?

जास्त झाला, तर प्रवाळ शैवाल बाहेर टाकतो आणि रंग उडत जाऊन पांढरा पडतो. याची सुरुवात बहुधा वरच्या, दिव्याकडे तोंड असलेल्या भागापासून होते. मांसल एलपीएस दिवसा आक्रसलेले राहतात आणि मश्रूम चुरमडतात. कमी पडला, तर झोअँथिड मानेने लांब होऊन वर ताणतात, मश्रूम पसरट आणि पातळ होतात, आणि एसपीएस तपकिरी पडतात. तपकिरी रंग नायट्रेट वाढल्यानेही येतो, म्हणून दिव्याला हात लावण्याआधी पाणी तपासावे. जास्त प्रकाशाचा फटका काही दिवसांत जीवघेणा ठरू शकतो, तर कमी प्रकाश सुधारायला बहुधा आठवड्यांची सवड मिळते. शंका असेल तेव्हा कमी बाजूला राहावे.

दिवा वाढवल्यावर अल्कलिनिटी का घसरते?

कारण प्रवाळ सांगाडा अधिक वेगाने बांधू लागतात आणि त्यासाठी पाण्यातली कार्बोनेटे, म्हणजे अल्कलिनिटीचा मुख्य भाग, वापरतात. कठीण प्रवाळांत प्रकाशात हा वेग अंधारातल्या वेगाच्या सरासरी तिपटीच्या आसपास असतो. तीव्रता वाढवल्यानंतरच्या पंधरवड्यात अल्कलिनिटी दोन-तीन दिवसांनी मोजावी आणि ती ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटीचे एकक) यांच्या आसपास स्थिर राहील एवढी भर घालावी. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम या मर्यादेत आहे ना, हेही पाहावे.

टाकीवर काचेचे झाकण चालेल का?

चालेल, पण स्वच्छ काचही आठ-दहा टक्के प्रकाश अडवते आणि मिठाचे शिंतोडे वाळले की नुकसान बरेच वाढते. बारीक जाळीचे झाकण जास्त बरे. दिव्याच्या खालच्या भिंगावरचे मीठही दर आठवड्याला, दिवा बंद आणि थंड असताना, ओल्या मऊ फडक्याने पुसून घ्यावे.

रात्रीसाठी चंद्रप्रकाश लागतो का?

प्रवाळ जगण्यासाठी लागत नाही. समुद्रात प्रवाळांच्या प्रजननाचा चंद्राच्या कलांशी संबंध असतो, पण घरच्या टाकीत रात्रभर तेवणारा निळा दिवा हा पाहणाऱ्याच्या हौसेसाठी असतो. लावायचाच तर अत्यंत मंद लावावा आणि झोपताना बंद करावा.

वापरलेला एलईडी दिवा घ्यावा का?

चालू करून पाहिल्याशिवाय घेऊ नये. पंखा आवाज न करता फिरतो का, प्रत्येक रंगाचे सर्व एलईडी पेटतात का, भिंग पिवळे पडले आहे का आणि जोडणीच्या पिनांवर हिरवट गंज आहे का, एवढे पाहावे. पंखा बंद पडलेला दिवा वरून ठीक दिसला तरी आतून भाजलेला असतो. दिवा नवा असो वा जुना, त्याची वायर प्लगच्या खाली झोळासारखी लोंबकळत ठेवावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही, आणि टाकीची सर्व उपकरणे गळती होताच वीज तोडणाऱ्या सुरक्षा-स्विचमागे असावीत.

वीज गेली आणि दिवा बंद राहिला, तर प्रवाळ किती काळ तगतात?

प्रकाशाविना निरोगी प्रवाळ दोन-तीन दिवस सहज काढतात; डायनोफ्लॅजेलेटवर उपाय म्हणून टाकी मुद्दाम तीन दिवस अंधारात ठेवली जाते, तीही याच भरवशावर. धोका पंप थांबण्याचा असतो, कारण पाण्याची हालचाल थांबली की काही तासांत प्राणवायू घटतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. त्यामुळे पर्यायी वीज मर्यादित असेल, तर ती आधी प्रवाह देणाऱ्या पंपाला किंवा बॅटरीवरच्या हवेच्या पंपाला द्यावी, नंतर हीटरला, आणि दिव्याचा क्रम शेवटी ठेवावा. वीज परत आल्यावर बराच काळ अंधार झालेला असेल, तर दिवा पहिले दोन-तीन दिवस निम्म्या तीव्रतेवर चालवावा.